पोराचा डिप्लोमा फसला, आता पोरीला कुठे घालू?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वडिलांचं पत्र आलंय. घरी तीन एकर जमीन, जोडीला छोटं किराणा दुकान. मुलानं दोन वर्षांपूर्वी खाजगी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, ७६ टक्क्यांनी. प्रवेश घेताना कॉलेजनं ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगितली होती. कॅम्पसमधून तो चाकणला लागला, पण ठेकेदाराच्या पटावर. सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळाला, म्हणजे कामावरून कमी केलं. आता दुसऱ्या कंपनीत असेंब्ली लाईनवर आहे, तिथंही ठेकेदारच. हातात १५ हजार येतात, खोलीत चौघं राहतात. ‘डिप्लोमा करून बोल्टच आवळायचे होते तर तीन वर्षं कशाला घालवली’ असं तो फोनवर म्हणतो. धाकट्या मुलीला यंदा दहावीला ८४ टक्के पडले आणि तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. आई म्हणते अकरावी सायन्स घे, मामा म्हणतो आयटीआय कर आणि महावितरणमध्ये लाग. वडील विचारतात: ‘मुलाला कर्ज काढून डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला घालू का? आणि एकदा पोळल्यावर मुलीलाही त्याच वाटेनं जाऊ देऊ का?’

तुमच्या पत्रात ‘फसला’ हा शब्द चार वेळा आलाय. त्यामुळे नक्की कोण फसलं आणि कुणी फसवलं, हे आधी वेगळं करू. तुमचा मुलगा ७६ टक्क्यांनी पास झाला, घर सोडून चाकणला गेला, एका ठिकाणाहून काढल्यावर दुसरं काम शोधलं आणि दोन वर्षं शिफ्ट करतोय. यात मुलगा फसलेला मला तरी दिसत नाही. फसवी निघाली ती कॉलेजची ‘प्लेसमेंट’.

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पोरांचे फोटो, खाली मोठ्या कंपन्यांची नावं. त्यातली बरीचशी नावं खोटी नसतात, मुलं खरोखर त्या कंपनीच्या गेटातून आत जातात. पण नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे, हे फ्लेक्सवर छापत नाहीत. ठेकेदाराची एजन्सी ‘पूल कॅम्पस’ला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र भरतीला येते, एका दिवसात शंभर पोरं उचलते आणि कॉलेजच्या वहीत शंभर प्लेसमेंट पडतात. सात महिन्यांनी ती पोरं कुठं आहेत, ते वहीत लिहायला कुणी बसत नाही. ब्रेकचं गणितही जुनंच आहे. वर्षभरात कामाचे २४० दिवस भरले की कामगाराचे हक्क उभे राहतात, म्हणून त्याआधीच नाव कमी करायचं आणि दुसरी तुकडी आणायची. तुमच्या मुलाला ब्रेक मिळाला तो त्याचं काम वाईट होतं म्हणून असेल, असं निदान तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न मुलाबद्दल आहे, आणि तो तुम्ही त्यालाच विचारायला हवा. त्याला काम सोडायचंय की ठेकेदार? दोन्हीची उत्तरं अगदी वेगळ्या दिशांना जातात. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘त्याला काय विचारायचं, तो वैतागलेलाच असतो.’ वैतागलेल्याला ‘पुढं काय करणार’ असं विचारू नका. त्याऐवजी ‘दिवसभर तुझ्या हाताखाली कुठलं मशीन असतं, लाईन बंद पडली की कोण येतं, त्या माणसाचं काम तुला जमेल का’ असं विचारा. कारखान्यातलं पोर याची उत्तरं भरभरून देतं. मशीन बंद पडल्यावर मेंटेनन्सवाला काय करतो ते हा मागं उभा राहून बघत असेल, तर त्याला यंत्रात रस आहे, नको आहे ती फक्त लाईन. आणि कशातच रस नसेल, तर डिग्रीला घालूनही रस येणार नाही.

आता डिग्रीचं बघू. ‘बी.ई. झाला की सुटेल’ हे तुम्ही गृहीत धरलंय. केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण दरवर्षी येतं. त्यात सतत दिसतं की बेरोजगारीचं प्रमाण निरक्षरांत सगळ्यांत कमी असतं आणि डिप्लोमा-पदवीवाल्यांत कितीतरी जास्त. अर्थात शिकणं वाईट, असा याचा अर्थ नाही. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो. शिकलेला मनासारख्या कामासाठी थांबतो. पण नुसती पायरी चढल्यानं बेकारी टळत नाही, एवढं त्यातून कळतं. चाकण-रांजणगावच्या लाईनवर तुमच्या मुलाशेजारी बी.ई. झालेली मुलंही उभी असतील. त्यालाच विचारा, किती आहेत.

खर्चाचाही हिशेब मांडा. डायरेक्ट सेकंड इयर म्हणजे डिप्लोमावरून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, एकूण तीन वर्षं. आज हातात येणारे १५ हजार ३६ महिने बंद झाले की ५ लाख ४० हजार गेले. त्यावर फी, खोली, मेस आणि कर्जाचं व्याज. शिवाय डिप्लोमाच्या मुलांना इंजिनिअरिंगचं गणित पहिल्या सेमिस्टरला जड जातं, आणि दोन वर्षं पुस्तकाला हात न लावलेल्याला आणखीच. एवढं घालून तो ज्या बाजारात उतरेल, तिथं ट्रेनी इंजिनिअरच्या जागांना गर्दी आजच्याहून कमी असेल असं मला वाटत नाही. त्याला डिझाईनमध्ये जायचं असेल किंवा पदवीच लागते अशा सरकारी जागेची तयारी करायची असेल, तर डिग्री जरूर घ्यावी. नातेवाइकांत सांगायला बरं म्हणून किंवा लाईन नको म्हणून घेऊ नये.

मधली एक वाट फार कमी लोकांना माहीत आहे. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी पदवी अभ्यासक्रमांना परवानगी दिलीय. वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी भरतात. प्रवेशासाठी नोंदणीकृत ठिकाणी किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी लागते, आणि कंपनी कॉलेजपासून ठरावीक अंतरात असावी लागते. बदलत्या पाळ्यांत हे निभावणं सोपं नाही, पण पगार चालू राहतो. मात्र कुणी ‘घरबसल्या, पत्राद्वारे इंजिनिअरिंगची डिग्री’ विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. एआयसीटीईच्या मान्यतेशिवाय पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच अमान्य ठरवल्यात.

नोकरी केल्याचा पुरावा म्हणजे कागद, आणि तुमच्या मुलाची खरी अडचण मला इथंच दिसते. दोन वर्षं काम केलं, पण कागदावर काय आहे? तो ‘अप्रेंटिस’ होता की ठेकेदाराचा कामगार, हेही पत्रात नाही. फरक मोठा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार असेल तर तो शिकाऊ. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं. २०१९ च्या नियमांत डिप्लोमावाल्याला ते महिना किमान ८,००० ठेवलं होतं. शेवटी प्रमाणपत्र मिळतं, ते पुढं कामाला येतं. मात्र शिकाऊला कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. करारात तसं लिहिलं असेल तरच. ‘वर्षभर राबवून घेतलं आणि कायम केलं नाही’ ही तक्रार घेऊन बरीच पत्रं येतात, आणि त्यातल्या बहुतेकांना करारात काय लिहिलंय हे शेवटच्या दिवशी कळलेलं असतं. ठेकेदाराचा कामगार असेल तर गोष्ट वेगळी. मग पीएफ हवा, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) हवं, पगाराची पावती हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि ठेकेदारानं मागितल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र द्यावं, अशीही तरतूद आहे. ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलंय आणि यांतलं काहीच हातात नाही, हा तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. त्यातून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावं.

त्याला सांगा, या आठवड्यात उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघड. पगारातून कापलेले पैसे खरंच भरलेत का ते दिसेल. पहिल्या ठेकेदाराकडूनही अनुभवाचा कागद माग. मिळायला उशीर होईल, फोन उचलणार नाहीत, पण लेखी अर्ज टाकून ठेव.

नंतर जागा बदलावी. नुसती कंपनी बदलून उपयोग नाही, काम बदलायला हवं. मोठ्या कंपनीच्या लाईनवर दोन वर्षांत जे शिकायचं ते शिकून झालं. भोसरीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये हजार-दोन हजार कमी मिळतील, कँटीन बरं नसेल, बस नसेल. पण तिथं व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉब लावायला मिळतो, टूल ऑफसेट (हत्याराचं माप मशीनला देणं) घ्यायला मिळतो, हळूहळू प्रोग्रॅम वाचता येतो. ऑपरेटरचा सेटर (कामासाठी मशीन जुळवून देणारा) आणि सेटरचा प्रोग्रॅमर झाला की बोलणी करायची ताकद येते, कारण सेटर एका दिवसात बदलून मिळत नाही. क्वालिटीत जायचं असेल तर ड्रॉइंग नीट वाचणं, मायक्रोमीटर-गेजवर हात बसणं आणि पुढं सीएमएम (सुट्या भागांची मापं घेणारं मशीन) शिकणं. मेंटेनन्समध्ये जायचं असेल तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर), न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक). संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई खात्याची. तिथं टूल रूम (साचे-हत्यारं बनवणं), सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन), ऑटोमेशनचे छोटे कोर्सही चालतात. डिग्रीच्या कर्जाच्या लहानशा तुकड्यात असा एखादा कोर्स होतो. मी तुमच्या जागी असतो तर पहिला पैसा इथं घातला असता.

सरकारी परीक्षांचंही तुम्ही विचारलंय. मेकॅनिकल डिप्लोमावर रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअर, असिस्टंट लोको पायलट, स्टाफ सिलेक्शन कमिशनची (एसएससी) जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, भाभा अणुसंशोधन केंद्राची स्टायपेंडरी ट्रेनी असे फॉर्म भरता येतात. भरावेत. पण नोकरी सोडून पुण्यात अभ्यासिकेत बसवू नका. नोकरी करत एक वर्ष, फार तर दोन प्रयत्न, अशी मुदत आताच बोलून ठेवा. अभ्यासिकेत गेलेली वर्षं परत मागता येत नाहीत, आणि मुदत ठरलेली नसली की ‘आता एकच प्रयत्न’ म्हणत पोरं तिशीला येतात.

जर्मनीबद्दल एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, हे खरं. पण तिथं भाषा आधी येते, मग कौशल्य. जर्मन शिकायला मुलगा तयार असेल तर बघा. लाखभर रुपये घेऊन ‘व्हिसा पक्का’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी मात्र लागू नका.

आता मुलीकडे येतो. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला मोठा प्रश्न तिचाच आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही अवघ्या सहा ओळी लिहिल्यात. भावाचा निकाल तिच्या नावावर लावू नका. शाखा वेगळी, कॉलेज वेगळं असू शकतं, आणि भावाला ज्या गोष्टी दोन वर्षांनी कळल्या त्या तिला प्रवेशाआधीच कळणार आहेत.

तिच्या आईला वाटतं अकरावी-बारावी म्हणजे सगळी दारं उघडी. हिशेब करू. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि डायरेक्ट सेकंड इयरनं तीन वर्षं डिग्री, मिळून सहा. अकरावी-बारावी दोन आणि डिग्री चार, तीही सहाच. डिप्लोमाच्या वाटेवर एकोणिसाव्या वर्षी एक थांबा मिळतो. तिथं उतरून कमावता येतं किंवा पुढं जाता येतं. बारावीच्या वाटेवर सीईटीत मार्क कमी पडले तर हातात फक्त बारावी उरते. उलट बाजूही आहे. डॉक्टरी, नर्सिंग, शेतकी यांतलं काही तिच्या मनात असेल तर डिप्लोमानं ते दार बंद होतं, मग अकरावीच घ्यावी. आणि ती मराठी माध्यमाची असेल तर पहिलं सेमिस्टर अंगावर येतं. त्या सहा महिन्यांत तिला घरून फोनवर ‘जमत नसेल तर परत ये’ असं कुणी म्हणू नये, एवढं सांभाळा.

मामांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. आयटीआयला आपल्याकडे उगाच खालचं मानतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र मागतात, तिथं डिप्लोमावाल्यापेक्षा आयटीआयवालीला सरळ वाट आहे. सुरुवातीची तीन वर्षं मानधन, मग तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. आयटीआयची दोन वर्षं करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. पण विद्युत सहाय्यकाची भरती दरवर्षी निघेलच असं नाही, आणि निघाली की अर्जांचा पाऊस पडतो. शिवाय ते काम खांबावर चढायचं आहे. तिला ते आवडेलही, पण मामानं परस्पर ठरवू नये. ८४ टक्के असतील आणि तिला स्वतःला डिप्लोमा हवा असेल, तर माझं मत डिप्लोमाच्या बाजूनं आहे.

‘मुलगी कंपनीत कशी काम करणार’ हे तुम्ही स्पष्ट लिहिलं नसलं तरी ओळींमधून दिसतंय. पुणे पट्ट्यात असेंब्ली, वायर हार्नेस (गाडीतल्या वायरींचे जुडगे), इलेक्ट्रॉनिक्सच्या लाईनवर मुली मोठ्या संख्येनं आहेत. टाटा मोटर्सनं पुण्यात एक असेंब्ली लाईन पूर्णपणे स्त्रियांकडे दिलीय. रात्रपाळीही आता स्त्रीच्या संमतीनं, वाहतूक-सुरक्षेच्या अटींवर चालते. मला काळजी वेगळी वाटते. मुलींना लाईनवर घेतात आणि तिथंच ठेवतात, पॅनेल-मेंटेनन्सपर्यंत जाऊ देत नाहीत. इलेक्ट्रिकल असेल तर तिनं पहिल्या वर्षापासून कंट्रोल पॅनेल, वायरिंग ड्रॉइंग, पीएलसीचा हट्ट धरावा. शिवाय इलेक्ट्रिकलला एक फायदा आहे जो मेकॅनिकलला तालुक्याच्या गावात नसतो: काम घराजवळही आहे. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या ३ किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० पर्यंत अनुदान मिळतं, शेतीचे सौर पंप बसतायत. हे बसवणारे आणि नीट दुरुस्त करणारे हात तुमच्याच भागात लागणार आहेत. डिप्लोमा आणि अनुभवावर पर्यवेक्षकाचा, पुढं विद्युत ठेकेदाराचा परवाना काढता येतो. या वेळी ठेकेदार तुमच्या घरातली असेल.

कॉलेज मात्र तिनं आणि तुम्ही जाऊन निवडायचं. शासकीय तंत्रनिकेतन मिळत असेल तर घराजवळच्या खाजगीपेक्षा तेच वर ठेवा, सोलापूरचं आहेच. खाजगी कॉलेजात गेलात तर प्लेसमेंट सेलच्या केबिनमध्ये चहा घेऊ नका, आधी इलेक्ट्रिकल मशीन्सची लॅब उघडून दाखवायला सांगा. मोटरवर धूळ आहे की ग्रीस ते बघा. शेवटच्या वर्षाला किती मुलं होती आणि त्यांतली किती सगळे विषय सुटून पास झाली, हे विचारा. प्लेसमेंटची टक्केवारी बऱ्याचदा फक्त ‘पात्र’ मुलांवर काढलेली असते. तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच मुलांचे, त्यातल्या दोन मुलींचे नंबर मागा. त्यांना फोन करून एवढंच विचारा की पहिलं नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं होतं आणि आज कुठं आहात. नंबर द्यायला कॉलेजनं टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. औद्योगिक प्रशिक्षणाला मुलांना कुठं पाठवता, हेही विचारा. काही ठिकाणी नुसता शिक्का आणून देतात.

आणि हे सगळं करताना मुलाला सोबत घ्या. एका रविवारी त्याला चाकणहून बोलवा आणि बहिणीच्या कॉलेजची लॅब त्यालाच तपासू द्या. त्यात काय बघायचं ते तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

घाईचं काम एकच आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या. संस्थास्तरावर ‘आत्ता भरा, जागा संपतील’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. मुलींच्या शुल्कमाफीचा शासनाचा २०२४ चा निर्णय ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीय फेरीतून आलेल्या मुलींसाठी आहे. तुमच्या प्रवर्गाला आणि डिप्लोमाच्या प्रवेशाला त्यातलं काय लागू होतं, ते तंत्रशिक्षण संचालनालयाच्या सुविधा केंद्रावर फॉर्म तपासून घेतानाच विचारा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर हे तहसीलमधून यायला वेळ लागतो, आणि निकालानंतर तिथं रांग वाढतच जाते. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या दाखल्यांचा अर्ज देऊन या.